उजळलेला ठिपका विकराचाच कशावरून?

नमस्कार. आपले आक्षेप दोन आहेत. एमआरआयसारख्या कमी संवेदनशील तंत्राने जिवंत पेशीतील विकराची (एन्झाइमची) क्रिया दिसते म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, हा पहिला. आणि उजळलेला ठिपका विकराचा नसून तिथे नुसत्याच साचलेल्या गॅडोलिनियमचा, म्हणजे एमआरआयचा संकेत वाढवणाऱ्या धातूचा, असू शकतो, हा दुसरा. पहिला मला पटत नाही. दुसऱ्याने मात्र आपण मर्मावर बोट ठेवले आहे.

३ टेस्लाच्या चुंबकातही शरीराच्या तापमानाला चुंबकाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने रोखलेल्या प्रोटॉनांत (पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांत) दहा लाखांमागे जेमतेम १० प्रोटॉनांचे आधिक्य संकेत देते, हे खरेच. पण येथे विकर थेट मोजायचा नसतो. त्याचा एकच रेणू संवेदकाचे, म्हणजे गॅडोलिनियम झाकून ठेवणाऱ्या संयुगाचे, अनेक रेणू एकामागून एक कापत जातो, आणि झाकण निघालेल्या गॅडोलिनियमपाशी पाण्याचे रेणू सतत ये-जा करत असल्याने त्याचा परिणाम आसपासच्या असंख्य प्रोटॉनांपर्यंत पोहोचतो. काचेच्या बशीतल्या पेशींसाठी प्रतिदीप्ती (प्रकाश टाकल्यावर चमकणारे रेणू वापरण्याची पद्धत) अधिक सोपी आणि स्वस्त आहे, यात वाद नाही. अपारदर्शक ऊतीत मात्र प्रकाश विखुरतो.

लुई, मीड आणि सहकाऱ्यांनी २००० साली झेनोपस बेडकाच्या गर्भांवर केलेला प्रयोग नेमका अशा ठिकाणचा होता. त्यांच्या संवेदकात गॅलॅक्टोज या शर्करेचा घटक झाकणासारखा बसून गॅडोलिनियमपर्यंत पाणी पोहोचू देत नसे. बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराने तो कापला की संकेत वाढे, आणि प्रतिमेतील उजळ भाग विकर असलेल्या भागांशी जुळले.

मात्र तो संवेदक सुईने थेट गर्भात टोचलेला होता. प्रौढ प्राण्याच्या रक्तात सोडलेले असे जलस्नेही रेणू पेशीपटल सहसा ओलांडत नाहीत, आणि कुठे किती पोहोचले हेही ठाऊक नसते. उजळपणा तर संवेदकाची मात्रा आणि विकराची सक्रियता या दोन्हींवर ठरतो, म्हणजे समीकरण एक आणि अज्ञाते दोन. अतिध्रुवित (अणुकेंद्रांचे ध्रुवण, म्हणजे एका दिशेने रोखले जाणे, कृत्रिमरीत्या खूप वाढवलेल्या) कार्बन-१३ पायरुवेटच्या पद्धतीत ही अडचण बरीच सुटते, कारण पायरुवेट आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकरामुळे त्यापासून झालेले लॅक्टेट वर्णपटात वेगवेगळे दिसतात आणि त्यांचे गुणोत्तर काढता येते. ध्रुवण मिनिटा-दोन मिनिटांत ओसरत असूनही पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील पहिली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. अर्थात पायरुवेट पेशीत शिरण्याचा वेगही त्या गुणोत्तरात मिसळलेला असतोच.

म्हणून गॅडोलिनियमच्या संवेदकावरचा कोणताही शोधनिबंध हाती आला की, विकराला कापता न येणारा जुळा रेणू तुलनेसाठी टोचला होता का, हे मी आधी पाहतो. तो नसेल, तर आपला दुसरा आक्षेप त्या निबंधाला पूर्णपणे लागू पडतो.