मेरी कोमसमोर ‘कोणीच नव्हतं’? मग निकाल काय सांगतात ते बघा

खेळाचे एकाहून अधिक कालखंड गाजवणारे बॉक्सर कोण, असा विषय निघाला आणि कोणी मेरी कोमचं नाव घेतलं, की एक मजकूर हमखास पुढे येतो. त्याचा सारांश असा: तिची पहिली पाच विश्वविजेतेपदं महिला बॉक्सिंग रांगत होतं तेव्हाची, समोर कोणीच नव्हतं. मग आठ वर्षं एकही नाही, आणि सहावं घरच्या प्रेक्षकांसमोर मिळालं. ऑलिंपिकमध्ये खरी स्पर्धा आली तेव्हा ती ब्राँझवर थांबली. म्हणजे दोन कालखंड वगैरे काही गाजवले नाहीत. हे वाचून मान डोलावणारे बरेच आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘समोर कोणीच नव्हतं.’ महिलांची पहिली जागतिक स्पर्धा 2001 मध्ये अमेरिकेत स्क्रँटनला झाली. मेरी तिथे अंतिम फेरीत तुर्कस्तानच्या हुल्या शाहिनकडून हरली. कोणीच नव्हतं तर ती हरली कोणाकडून? पुढे 2002 ला अंताल्यात आणि 2005 ला पोडोल्स्कमध्ये तिने अंतिम फेरीत उत्तर कोरियाच्या मुलींना हरवलं. मग 2006 दिल्ली, 2008 निंगबो, 2010 ब्रिजटाऊन. या तिन्ही अंतिम लढतींत समोर एकच नाव होतं, रोमानियाची स्टेलुटा दुता. लागोपाठ तीन जागतिक स्पर्धांची अंतिम फेरी गाठणारी बॉक्सर कोणीच नाही, असं म्हणायला जीभ कशी रेटते? मेरी तिथे नसती तर आज दुताच्या नावापुढे विश्वविजेतेपदं लागली असती. आणि मधल्या 2007 मध्ये मेरीला जुळी मुलं झाली होती, हेही ध्यानात घ्या. खेळ नवा होता, कमी देश उतरत होते, हे मान्य. पण ती सवलत तेव्हाच्या प्रत्येक बॉक्सरला होती. पाच सुवर्णं एकीनेच नेली.

‘सहावं घरचं होतं.’ 2018 ची स्पर्धा दिल्लीत झाली, के. डी. जाधव सभागृहात (हे आपले कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा). घरच्या गर्दीने पदक मिळत असतं, तर त्याच दिवशी त्याच रिंगमध्ये भारताच्याच सोनिया चहलला सुवर्ण का मिळालं नाही? 57 किलोच्या अंतिम लढतीत जर्मनीच्या ओर्नेला वाहनरने तिला 4-1 ने, म्हणजे पाचपैकी चार पंचांच्या कौलाने हरवलं. आपल्याच लव्हलिना आणि सिमरनजीत उपांत्य फेरीत हरल्या. त्या स्पर्धेत भारताचं सुवर्ण एकच, मेरीचं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही. 2010 आणि 2018 यांच्यामध्ये हौशी बॉक्सिंग, म्हणजे ऑलिंपिक आणि या जागतिक स्पर्धांतलं बॉक्सिंग, मुळातून बदललं. आधी ठोसा लागला की पाच पंच बटणं दाबायचे. निदान तिघांनी जवळजवळ एकाच क्षणी दाबलं तरच गुण. त्यात फायदा कोणाचा, तर लांबून एक स्वच्छ ठोसा मारून मागे सरणाऱ्याचा, आणि डावखुरी, चपळ मेरी त्यात पटाईत होती. नंतर दहा गुणांची पद्धत आली, म्हणजे फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला कमी. फेरीवर वर्चस्व कोणाचं, हे प्रत्येक पंच स्वतंत्रपणे ठरवू लागला. एक ठोसा मारून पळालं की भागेना, फेरीभर लढताना दिसावं लागलं. महिलांच्या दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या जाऊन तीन-तीन मिनिटांच्या तीन आल्या. वाढत्या वयात फेरीतलं ते तिसरं मिनिट फार जड जातं. हात खाली येतात, पाय जागच्या जागी राहतात. तिशीच्या मध्यावर पोचलेल्या, तीन मुलांच्या आईने हे सगळं नव्याने आत्मसात केलं आणि दिल्लीत कझाकस्तान, चीन, उत्तर कोरिया आणि युक्रेनच्या बॉक्सरना प्रत्येकी 5-0 ने हरवलं. शेवटची हाना ओखोता तर तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान होती. काळ बदलणं याहून वेगळं काय असतं? नियम वेगळे, गुण वेगळे, प्रतिस्पर्ध्यांची अख्खी पिढी वेगळी.

‘मधली आठ वर्षं विश्वविजेतेपद नाही.’ बरोबर, नाही. सलग वर्चस्वाचा दावा कोणी केला तर तो मीही खोडून काढीन. 2016 ला रिओची पात्रताही तिला मिळाली नाही.

राहिलं ऑलिंपिकचं ब्राँझ. लंडनमध्ये महिलांसाठी तीनच वजनगट होते आणि सर्वांत हलका 51 किलोचा. मेरीचा 48 किलोचा गट तिथे नव्हताच, त्यामुळे तिला वजन वाढवून उतरावं लागलं. पहिल्याच लढतीत समोर पोलंडची कॅरोलिना मिखालचुक आली, जी 2008 मध्ये 54 किलोत विश्वविजेती होती. तिला मेरीने 19-14 ने हरवलं. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सने मेरीला 11-6 ने हरवलं, आणि पुढे सुवर्णही ॲडम्सनेच जिंकलं. या गटात मेरी कधीच सम्राज्ञी नव्हती. टोकियोतही ती कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेंसियाकडून 3-2 ने हरली. तरीही टोकियोच्या आधी, डिसेंबर 2019 च्या भारतीय संघाच्या निवड चाचणीत, याच वजनात तिने निखत झरीनवर 9-1 ने मात केली होती. लढतीनंतर तिने निखतशी हात मिळवला नाही, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं आणि आजही नाही. पण ती निखत 2022 आणि 2023 मध्ये विश्वविजेती झाली. म्हणजे 2001 मध्ये पहिल्या जागतिक स्पर्धेत उतरलेली बॉक्सर अठरा वर्षांनी पुढच्या पिढीच्या विश्वविजेतीला हरवत होती, तेही स्वतःच्या नसलेल्या वजनात.