तेल लावलं की अ‍ॅसिड लागत नाही म्हणे!

दिवाळीआधीची साफसफाई सुरू झाली की सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता येतो. यंदा तो तिघांनी टाकला, त्यातले दोघे इंजिनिअर. मजकूर थोडक्यात असा: बाथरूम धुताना हातमोजे घालणं हे कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. हाताला खोबरेल तेल चोळा, अ‍ॅसिड लागत नाही. आपल्या आज्या उघड्या हातांनी मोऱ्या घासायच्या, त्यांना काही झालं नाही. डाग चिवट असतील तर टॉयलेट क्लीनरमध्ये थोडं ब्लीच घाला, दुप्पट काम होतं. हाताची आग झालीच तर लिंबू चोळा. खाली दोन जोडलेले हात आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी चुकीच्या उत्तरावर लाल शाई फिरवायची सवय काही जात नाही.

आधी ब्लीचचं बघू, कारण ते हातापुरतं राहत नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये साधारणपणे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, बहुतेक बाटल्यांत सुमारे १० टक्के. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला होता तोच. आपल्या फ्लॅटमधलं बाथरूम केवढं, तर चार बाय सात. वर वीतभर झरोका, तोही बहुधा बादल्या ठेवून बुजवलेला. आणि काम दुप्पट होतं म्हणावं तर तेही नाही. अ‍ॅसिड ब्लीचला खातं, ब्लीच अ‍ॅसिडला, डाग आपला जागच्या जागी. एका दिवशी एकच बाटली वापरा. दुसरी वापरायचीच असेल तर पहिलीचा थेंबही उरणार नाही इतकं पाणी ओता.

आता तेल. खोबरेल तेलाचा थर म्हणजे रेनकोट नव्हे. क्लीनरमध्ये अ‍ॅसिडच्या जोडीला साबणासारखा पदार्थ असतो आणि त्याचं कामच तुपकटपणा काढण्याचं. तुपाचं पातेलं ज्या कारणानं स्वच्छ होतं त्याच कारणानं तुमच्या हातावरचं तेलही जातं. उरलंसुरलं ब्रश घासताना पुसलं जातं. त्यातून कोणी ‘दोन्ही करू’ म्हणून तेलकट हात रबरी मोज्यांत घातले तर आणखी वाईट, कारण तेलानं रबर फुगतं, चिकट होतं आणि लवकर फाटतं. तेल लावाच, पण काम झाल्यावर, हात धुऊन किंचित ओले असताना.

बरं, मजकुरातलं ‘अ‍ॅसिड’ म्हणजे नेमकं कुठलं? दारावर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात बिनालेबलाच्या बाटलीत मिळतं ते घरच्या क्लीनरपेक्षा कितीतरी कडक असतं. बूच उघडलं की धूर दिसतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, खरेदीदाराची नोंद आणि ओळखपत्र सक्तीचं केलं. ते अ‍ॅसिडहल्ल्यांमुळे, फरशीमुळे नव्हे; पण पदार्थ तोच आहे एवढं लक्षात असू द्या.

पुण्यात एवढ्या कडक अ‍ॅसिडची गरज लोकांना वाटते ती पाण्यातल्या क्षारांमुळे. खडकवासल्याचं पाणी त्या मानानं मऊ. बोअरचं किंवा टँकरचं आलं की नळांवर, टाइल्सवर पांढरे थर चढतात. ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून अ‍ॅसिड पडताच फसफसतं आणि आपल्याला वाटतं, वा, काय काम करतंय! साधं व्हिनेगरही हेच करतं, फक्त सावकाश. जुनं फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्धा तास चहा प्या. (संगमरवरावर मात्र नको. तोही कॅल्शियम कार्बोनेटच, थरासोबत फरशीही जाईल.)

आता आज्या. इथं मला राग येतो, कारण माझी आजी नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची आणि तिचे हात मी पाहिले आहेत. मोरी ती राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायची. राखसुद्धा अल्कलीच, पण आजच्या बाटल्यांपुढे गरीब. तरीही थंडीत तिच्या बोटांना अशा भेगा पडायच्या की पोलक्याचे हूक लावताना ती तोंड वाकडं करायची. रात्री कोनाड्यातला आमसुलाच्या तेलाचा गोळा काढून, तो दिव्यावर जरासा पातळ करून भेगांत भरायची. आमसुलाचं तेल घरोघरी का असायचं? ‘काही झालं नाही’ म्हणून? झालं होतं. तिनं सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही.

राहिलं कंपन्यांचं खूळ. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडनं सोलवटले. तिथले शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. (पुढे दोघांनी लग्न केलं, ते जाऊ दे.) शस्त्रक्रियेत मोज्यांमुळे रुग्णाचं रक्षण होतं हे नंतर उमगलं, त्या रुग्णालयात मोजे आले ते धुण्यापुसण्याच्या रसायनांपासून एका बाईचे हात वाचवायला.

लिंबाचं दोन ओळींत. लिंबाचा रस स्वतःच आम्लधर्मी. अ‍ॅसिडनं भाजल्यावर अ‍ॅसिड चोळायचं? खायचा सोडाही नको. अंगठी, बांगड्या काढा आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. तुंबलेल्या मोरीत टाकायच्या पुडीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो, त्याच्याबाबत जास्त सावध राहा. तो लागला की हात बुळबुळीत होतो, कारण आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो. दुखतं उशिरा, जखम मात्र आधीच खोल गेलेली असते. फोड आला किंवा कातडी पांढरी पडली तर थेट डॉक्टर.

एक गोष्ट मात्र मजकूरवाल्यांच्या बाजूनं बोलायला हवी. मोजे घातले म्हणजे झालं, असंही नाही. मागच्या वर्षी मी दीड तास मोजे न काढता दोन्ही बाथरूम धुतली आणि मनगटापर्यंत पुरळ उठलं. आत घाम साचतो आणि कातडी भिजून हुळहुळी होते. जर्मनीत कामगारांसाठीच्या नियमांत २०२२ पर्यंत दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हवाबंद मोजे घालणं हे ‘ओल्या कामा’तच धरत, पाण्यात हात घालण्याच्या बरोबरीनं. तेव्हा आत सुती मोजे घाला आणि वीस मिनिटांनी काढून हात कोरडे करा. रबरानंच खाज सुटत असेल तर नायट्राइल या कृत्रिम रबराचे घ्या. केस रंगवायच्या पाकिटातले पॉलिथिनचे मोजे या कामाचे नाहीत. वरच्या टाइल्स घासताना मोज्याची कड बाहेर दुमडा, नाहीतर ओघळ थेट कोपरापर्यंत येतो. आणि काढायच्या आधी मोजे बाहेरून धुवा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, ‘आमच्या मावशी वर्षानुवर्षं बिनमोज्यांचं करतात, कधी तक्रार नाही.’ मग मी आमच्याकडच्या मावशींना हात दाखवायला सांगितलं. अंगठीखाली लाल चट्टा, दोन नखांच्या कडेला नखुरडं. त्या म्हणाल्या, “नायटाय ताई, मेडिकलमधून मलम आणते.” तो नायटा नव्हता, दिवसाला पाच घरांच्या साबणाचा हिशेब होता.

तुळशीबागेतून त्यांच्यासाठी मोजे आणले. पहिले दोन दिवस त्यांनी घातलेच नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, काचेच्या बांगड्यांवरून चढवताना फाटतात. आता लांब बाह्यांचे, एक माप मोठे आणलेत, बांगड्यांसकट आत जातात. उन्हात वाळत घातलेली ती पिवळी जोडी बघून शेजारच्या घरातल्या मावशींनी काल दुकानाचा पत्ता विचारला.