ॲमस्टरडॅमच्या कालव्यावरील मैफलीच्या सहलीबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या ऑगस्टमधील ॲमस्टरडॅम सहलीबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी तीन वेळा वाचला. आपण दोन स्टार दिले आहेत आणि तीन मुख्य तक्रारी मांडल्या आहेत. कालव्यावरच्या संगीत मैफलीला आपल्या मातोश्रींना तीन तास उभे राहावे लागले, रात्रीचे जेवण थंड मिळाले, आणि जो कार्यक्रम तिथे सर्वांसाठी मोफत असतो त्याचे आम्ही माणशी ४,८०० रुपये घेतले. या शेवटच्या तक्रारीपुढे आपण ‘ही सरळसरळ फसवणूक आहे’ असे वाक्य लिहिले आहे.

पहिल्या दोन गोष्टींबद्दल मी आपली व मातोश्रींची मनापासून क्षमा मागतो. त्यांचे गुडघे दुखतात हे आपण नोंदणीच्या वेळीच सांगितले होते, ते आमच्या वहीत लिहिलेलेही आहे, आणि तरीही त्यांना टेकायला जागा मिळाली नाही. जेवणाची पाकिटे आम्ही वेळेआधी मागवली, म्हणून ती गार झाली. या दोन्ही चुका आमच्या आहेत. फसवणुकीच्या आरोपाबद्दल मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जळगावात सहलीचा व्यवसाय जाहिरातीवर चालत नाही, तो शब्दावर चालतो, आणि गेली बावीस वर्षे मी त्या शब्दावरच घर चालवत आलो आहे.

मैफल मोफत असते हे आम्ही कधीही लपवलेले नाही. आपल्याला दिलेल्या माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर ‘प्रवेश विनामूल्य, आसनव्यवस्था नाही’ असे छापलेले आहे. प्रिन्सेनग्राख्त या कालव्यावर १९८१ पासून ही मैफल होते. पुलित्झर हॉटेलसमोर पाण्यावर तरंगता मंच उभारतात, कलाकार त्यावर बसून वाजवतात आणि लोक काठावर, पुलांवर व आपापल्या होड्यांमध्ये दाटीवाटीने ऐकतात. तिकीटच नाही, तर आम्ही विकणार काय? शहरातला दहा दिवसांचा मोठा कालवा महोत्सव निराळा आहे. तो १९९८ पासून भरतो, त्यात कालव्याकाठच्या जुन्या घरांत आणि बागांतही मैफली होतात, आणि त्यांतल्या अनेकांना तिकीट असते. या दोन्ही गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून निघण्यापूर्वीच्या बैठकीत मी स्वतः अर्धा तास बोललो होतो. आपल्या घरून त्या बैठकीला कोणी येऊ शकले नव्हते, याची मला आठवण आहे.

आता ४,८०० रुपयांचा हिशेब. दुपारच्या एका तासाच्या बोटफेरीचे १,९०० रुपये, ट्राम व बसच्या चोवीस तासांच्या तिकिटाचे ९००, रात्रीच्या शाकाहारी जेवणाचे १,५०० आणि स्थानिक मार्गदर्शकाच्या मानधनापोटी ५००. बेरीज ४,८०० होते. यात मैफलीचा एक रुपयाही नाही आणि खरे सांगायचे तर माझाही नाही. सर्व पावत्या कार्यालयात आहेत, आपण कधीही येऊन पाहाव्यात. संध्याकाळी काठावर सर्वांना जी तिखट पुरी, शेंगदाण्याची चटणी आणि केळ्याचे वेफर्स दिले, ते तर माझ्या घरून बांधून आणलेले होते आणि कोणत्याही हिशेबात धरलेले नव्हते.

बोटफेरीचा आपल्या अभिप्रायात उल्लेखच नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. कालव्याकाठच्या घरांच्या माथ्यावर लोखंडी आकडे कशासाठी असतात, असे मातोश्रींनीच विचारले होते. जिने इतके अरुंद की कपाट-पलंग आतून चढत नाही, म्हणून त्या आकड्याला दोर लावून सामान खिडकीतून वर घेतात आणि ते भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरे मुद्दाम पुढे झुकती बांधली आहेत, हे मार्गदर्शकाने सांगितले तेव्हा त्या किती कौतुकाने वर पाहत होत्या. आपण मोबाइलवर त्यांचे चित्रण करत होता. १,९०० रुपये त्या तासाचे होते, साहेब.

आपण असेही लिहिले आहे की, ‘बाकीचे लोक होड्यांत आरामात बसले होते, आम्हालाच काठावर ठेवले.’ त्या होड्या बहुतेक करून तिथल्या रहिवाशांच्या स्वतःच्या असतात. ते कित्येक तास आधी येतात आणि होडीला होडी बांधत जातात, इतक्या लागून की शेवटी पाणी दिसेनासे होते. एकदा त्या गर्दीत शिरलेली होडी कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर निघत नाही आणि अशा लहान उघड्या होडीत शौचालय नसते. अठरा जणांच्या गटात अकरा जण साठीच्या पुढचे असताना तो धोका मी पत्करला नाही, आणि पुन्हा वेळ आली तरी पत्करणार नाही. आपल्याकडे कालवा म्हटले की गिरणा नदीचा पाट डोळ्यांसमोर येतो, दोन्ही बाजूंना मोकळी शेते आणि हवी तेवढी जागा. ॲमस्टरडॅमचे हे कालवे सतराव्या शतकात भर वस्तीसाठी खोदलेले आहेत. घराचे दार आणि पाणी यांच्यामध्ये एक अरुंद रस्ता, त्यावर सायकली, झाडे आणि मोटारी. २०१० पासून तो सारा परिसर जागतिक वारसा आहे. तिथे शंभर खुर्च्या मांडू म्हटले तरी कोण मांडू देईल?

आता जे लिहायचे नाही असे ठरवले होते तेही लिहितो, कारण उभे राहण्याचा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे. वेस्टरमार्क्ट थांब्यावर सर्वांनी पाच वाजता जमावे असे ठरले होते. मी व माझा पुतण्या साडेचारलाच काठावर जाऊन दोन सतरंज्या अंथरून बसलो होतो. चौदा जण वेळेवर आले आणि सतरंजीवर बसले. आपण चौघे खरेदीसाठी गेला होता. पाच, सव्वापाच, पावणेसहा अशा वेळी मी आपल्याला फोन केले. सहा वाजेपर्यंत मी ती चार जणांची जागा पिशव्या ठेवून धरून ठेवली होती. त्यानंतर एक वृद्ध जोडपे समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हातानेच पिशव्यांकडे बोट करून विचारले. सार्वजनिक रस्त्यावर रिकामी जागा अडवून त्यांना नाही म्हणणे माझ्याच्याने झाले नाही. आपण पावणेसातला पोहोचलात. मातोश्रींसाठी मी माझी जागा देऊ केली होती, परंतु खाली बसले की उठता येत नाही असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते. म्हणून दोष मी आपल्यावर ढकलत नाही. आपण पाचला आला असता तरी त्यांना सतरंजी नव्हे, उंच आसनच लागले असते, आणि ते मी नेले नव्हते. आपल्या उशिराचा उल्लेख एवढ्यासाठीच की अभिप्राय वाचणाऱ्याला आम्ही जागाच धरली नव्हती असे वाटू नये.

काळोख होईपर्यंत दिव्यांची शोभा दिसली नाही, असेही आपण म्हटले आहे. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. त्यावर माझा इलाज नाही. शेवटी शहराच्या कालव्यांवरचे ते जुने गाणे काठावरचे, पुलावरचे आणि होड्यांतले सगळे लोक एका सुरात म्हणू लागले, तोवर आपण हॉटेलवर परतला होता. मातोश्रींना ते ऐकायला मिळाले नाही याची हळहळ मला आजही आहे.

पुढील वर्षी ज्येष्ठांसाठी घडीचे हलके स्टूल सोबत नेण्याचा विचार आहे, जेवणाचीही काही वेगळी व्यवस्था पाहू आणि माहितीपत्रकावरचे होड्यांचे छायाचित्र बदलू, कारण त्यावरून गैरसमज होऊ शकतो हे मला आता पटले आहे. थंड जेवणाचे माणशी १,५०० याप्रमाणे चौघांचे ६,००० रुपये आम्ही परत देत आहोत, ते कृपया स्वीकारावेत.

गेल्या आठवड्यात चाळीसगावच्या एका कुटुंबाने आपला अभिप्राय वाचून पाच जागांची नोंदणी थांबवली. त्यांनी फोनवर फक्त ‘फसवणूक’ या शब्दाबद्दल विचारले, बाकी काही नाही. आपण दिलेले दोन स्टार तसेच ठेवावेत, तो आपला अधिकार आहे. पावत्या पाहून आपली खात्री पटल्यास तेवढा एक शब्द काढावा, एवढी विनंती आहे. मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा.

आपला नम्र,
संचालक, जळगाव