लिफ्टने डिफरन्शियल वर जात नाही

'२ इंच लिफ्ट केली की गाडीखाली २ इंच जागा वाढते आणि मोठे टायर आपोआप बसतात' हे गाडीच्या लिफ्टवरच्या, म्हणजे सस्पेन्शन उंच करण्यावरच्या, लेखातलं वाक्य पटलं नाही. चेसी आणि बॉडी वर जाते, पण पिकअपचा मागचा सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड दांडा) आणि त्यातला डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, आहेत तिथेच राहतात. त्यांना वर उचलतो तो फक्त मोठा टायर. २४५/७० आर१६ मापाचा टायर काढून २६५/७५ आर१६ घातला तर व्यास साधारण ५४ मिलिमीटर वाढतो आणि डिफरन्शियलखाली जागा मिळते त्याच्या निम्मी, म्हणजे २७. बामणोलीकडच्या कच्च्या रस्त्यावर दगड लागतो तो इथेच. शिवाय या मोठ्या टायरवर स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ च्या आसपास असते, हे कुणीतरी सांगायलाच हवं.

मोठा टायर घासण्याचंही तसंच. आमच्या साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या वळणावर पूर्ण स्टेअरिंग फिरवलं की टायर वर नाही, मागे लायनरला (चाकाभोवतीच्या प्लास्टिकच्या अस्तराला) नाहीतर आत सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला लागतो. तिथे लिफ्ट फारशी कामाची नाही, रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, बघावा लागतो. माझ्या गाडीचा लायनर एका जागी घासून आरशासारखा गुळगुळीत झाला होता, लिफ्ट असूनही! आणि पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) असेल तर नुसता स्पेसर, म्हणजे सस्पेन्शनवर बसवायचा ठोकळा, टाकून उंची वाढवू नका. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याचा बूट (ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण) फाटतो, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. म्हणून आधी टायर ठरवा, मग लागेल तेवढीच लिफ्ट, आणि चाकांचं अलाइनमेंट लगेच करून घ्या.