बरं होण्याचाही पगार

१६ जून २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर डॉजर्स संघाचा बेसबॉलपटू शोहेई ओतानी, कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर, जवळपास दोन वर्षांनी पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून मैदानात उतरला. फक्त एक इनिंग (बेसबॉलच्या सामन्यात अशा नऊ असतात), २८ चेंडू. समोरच्या सॅन डिएगो पॅड्रेस संघानं त्यात एक धाव काढली. वेग ताशी १०० मैलांवर गेला, तरी त्या रात्री त्याच्या हाती पुन्हा चेंडू दिला नाही. तो नुसती फलंदाजी करत राहिला. पुढच्या वेळी पुन्हा एकच इनिंग, मग दोन. पाच इनिंगपर्यंत पोचायला ऑगस्टची अखेर आली. मी याच शहरात राहतो. ‘एवढा पैसा घेतो, मग एकच इनिंग का?’ असं त्या अडीच महिन्यांत मला ऑफिसात किंवा शेजारीपाजारी कुणी म्हटलेलं ऐकू आलं नाही.

त्या सामन्यानंतर चारच दिवसांनी लीड्सला भारत-इंग्लंड मालिका सुरू झाली, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बुमराहचा खटला उभा राहिला. पाचपैकी तीनच कसोटी तो खेळणार, हे दौऱ्याआधीच सांगितलेलं होतं. मार्च २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली, जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला तीच पाठ पुन्हा धरलेली. पण तो नसलेल्या दोन्ही कसोटी भारतानं जिंकल्या, ओव्हलची तर ६ धावांनी. सिराज पाचही सामने खेळला आणि त्यानं २३ बळी घेतले. झालं! सिराज देशासाठी खेळतो आणि बुमराह स्वतःसाठी, असा निकाल काका-मामांनी देऊन टाकला. सुनील गावसकरांनीही ‘वर्कलोड’ हा शब्द भारतीय क्रिकेटमधून जावा असं सांगताना सीमेवरच्या जवानांची आठवण करून दिली. गावसकरांबद्दल मला लहानपणापासून अपार आदर आहे. तरीही हे मला मान्य नाही. मणक्याला भेग पडते ती टाकलेल्या चेंडूंमुळे, आणि ती भरते वेळ दिल्यावर. निष्ठेचा त्याच्याशी संबंध नाही.

इथे, अमेरिकेत, दुखापत भरायला वेळ द्यायची ही गोष्ट पन्नास वर्षांत मुरली आहे. १९७४ मध्ये डॉजर्सच्या टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरातलं लिगामेंट तुटलं. तोवर अशा दुखापतीला एकच अर्थ होता, कारकीर्द संपली. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात, हाडांना भोकं पाडून ओवली. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७५ चा पूर्ण मोसम बसून राहिला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावानं ओळखली जाते.

तिच्यानंतरचं वेळापत्रक कंटाळवाणं असतं, आणि मला त्याचंच महत्त्व वाटतं. पहिले काही महिने चेंडू फेकायचाच नाही. मग थोड्या अंतरावरून हलके थ्रो, मग अंतर वाढवायचं, मग माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून), मग फलंदाजासमोर. बारा ते अठरा महिने सहज जातात. या काळात मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला, खेळाडू जखमींच्या यादीत असतो, त्याला पूर्ण पगार मिळतो आणि सेवाकाळही मोजला जातो. २०२५ मध्ये किमान पगार होता ७ लाख ६० हजार डॉलर. ओतानीबरोबर तर डॉजर्सनी ७० कोटी डॉलरचा, दहा वर्षांचा करार केला तो डिसेंबर २०२३ मध्ये, कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तीनेक महिन्यांनी. २०२४ मध्ये तो एकही चेंडू टाकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी तो फक्त फलंदाज म्हणून खेळला आणि संघानं वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली.

याचा अर्थ अमेरिकेचं सगळं बरोबर आहे असा नाही. मोडलेला हात दुरुस्त करण्यात हा देश जितका तरबेज, तितकाच तो मोडू देण्यात निष्काळजी. मेजर लीग आणि तिच्या खालच्या मायनर लीग मिळून २०१० मध्ये अशा १०४ शस्त्रक्रिया झाल्या होत्या, २०२४ मध्ये २८१. याच सुमारास सरळ वेगवान चेंडूची सरासरी गतीही वाढली, २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होती ती २०२४ मध्ये ९४.२ झाली. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनं फेकायचा, हे वेड शाळकरी मुलांपर्यंत झिरपलं आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलानं दिवसात ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि ६६ च्या पुढे गेला तर चार दिवस विश्रांती घ्यावी, असं इथली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण दोन संघांतून खेळणाऱ्या मुलाची बेरीज करायची कुणी? ते काम आईवडिलांवर पडतं, आणि शिष्यवृत्तीच्या आशेनं तेही कधीकधी डोळेझाक करतात. याचा मला मनापासून राग येतो.

तरी घरच्या वादात मला बुमराहची काळजी वाटत नाही. तो टीका सोसू शकतो, त्याच्या मागे डॉक्टर आहेत, करार आहे. मला काळजी वाटते ती रणजी खेळणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची. आयपीएलचा करार नसेल तर त्याची कमाई मुख्यतः सामन्याच्या मानधनावर. पाठ दुखते म्हणून सांगितलं की मानधन गेलं, जागाही गेली. वर टीव्हीवर मोठी माणसं सांगतात की दुखण्याचं नाव काढणारा देशाचा नव्हे. तो मुलगा काय करेल? गोळी घेऊन धावत येईल, आणि भेग रुंदावत जाईल. शंभरात एक शक्यता असतानाही टॉमी जॉनला वर्षभर थांबता आलं. आपल्याकडे पुढच्या वेळी बुमराहच्या देशप्रेमाचा विषय निघेल, तेव्हा मी ग्रुपवर एवढंच विचारणार आहे की जखमी रणजी गोलंदाजाला वर्षभर कोण पोसतं, आणि हे क्रिकेट मंडळाला विचारायला आपण कधी सुरुवात करणार?