आजीला गप्प बसवणारा संदेश

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले तेव्हा ती दहा महिन्यांच्या नातवाला पायांवर घेऊन तेल लावत होती. एरवी त्या वेळी तिची अखंड बडबड चालते. त्या दिवशी मात्र "आता न्हाऊ…" एवढेच बोलून ती थांबली आणि सुनेकडे पाहत म्हणाली, "बाळ, आता स्नान करायचे आहे." बाळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कारण विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. नातलगांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशात लिहिले होते की बाळाशी लाडे लाडे बोलल्यास ते कायमचे बोबडे राहते, ‘मंमं’, ‘भूर’, ‘जोजो’ अशा शब्दांनी मेंदू मंदावतो, परदेशात कोणी असे बोलत नाही, आणि म्हणून आजी-आजोबांच्या बडबडीऐवजी शुद्ध उच्चारांचे व्हिडिओ लावावेत.

शेवटचा सल्ला सर्वांत घातक असल्याने आधी त्याचाच समाचार घेते. बाळे भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळांपैकी काहींशी चिनी भाषक व्यक्ती समोर बसून बोलल्या, खेळल्या. अशी 12 सत्रे झाली. दुसऱ्या बाळांना त्याच व्यक्तींचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवले किंवा नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले. प्रत्यक्ष माणसाचा सहवास मिळालेली बाळे चिनी भाषेतला सूक्ष्म उच्चारभेद ओळखू लागली. मुद्रणावर ठेवलेली बाळे काहीही शिकली नाहीत. बोलणारी माणसे तीच, भाषा तीच, फरक फक्त समोर माणूस असण्याचा होता. मावशी "चिऊ कुठंय?" असे विचारून थांबते, बाळाची नजर खिडकीकडे वळली की "हो, ती बघ चिऊ!" म्हणते, आणि त्याच्या हुंकारालाही उत्तर देते. व्हिडिओ बाळासाठी थांबत नाही आणि ते कुठे बघते आहे हेही त्याला कळत नाही. शिवाय एक वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2019 पासूनची शिफारस आहे.

परदेशाचा दाखला तर उघडउघड खोटा आहे. अमेरिकन, रशियन आणि स्वीडिश आया बाळाशी बोलताना स्वर ताणतात आणि त्यामुळे ‘इ’, ‘आ’, ‘उ’ एकमेकांपासून अधिक स्पष्ट वेगळे ऐकू येतात, हे 1997 मध्येच मोजून दाखवले गेले. ज्या बोलण्याला हा संदेश अशुद्ध ठरवतो, त्यात स्वर उलट जास्त ठसठशीत होतात. ‘मंमं’, ‘जोजो’ यांचेही तसेच. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी 1964 मध्ये मराठीतल्या याच बालबोलीवर शोधनिबंध लिहिला होता. उच्चारायला सोपे, पुनरावृत्त अक्षरांचे हे शब्द मूल पुढे आपसूक सोडून देते. ‘जोजो’ म्हणत वाढलेल्या आपल्या पिढ्या ‘झोपणे’ शिकल्याच.

बोबडेपणाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. चार वर्षांच्या मुलाने ‘लेल्वे’ म्हटल्यावर कौतुकाने आपणही ‘लेल्वे’च म्हणत राहणे योग्य नाही, आपण ‘रेल्वे’ म्हणावे, कारण ‘र’ मुळातच उशिरा येतो आणि तो ऐकायला मिळाला पाहिजे. पण सूर उंचावून, सावकाश, छोट्या वाक्यांत बोलणे वेगळे आणि चुकीच्या उच्चाराची नक्कल करणे वेगळे. संदेशाने दोन्हींची सरमिसळ केली आहे. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली समाजात बाळांशी लाडिक बोलीत बोलत नाहीत, तरी तिथली मुले बोलू लागतात, हेही खरे आहे. त्यामुळे लाडे लाडे बोललेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. ज्या आजीला ते सहज येते, तिला अपराधी वाटायला लावण्याचे मात्र काहीही कारण नाही.

हे सगळे मी मावशीला आणि तिच्या सुनेला एकत्र बसवून सांगितले. सुनेची खरी काळजी वेगळीच निघाली: बाळ हाकेला नेहमी वळत नाही. त्यासाठी येत्या सोमवारी त्याच्या कानांची तपासणी ठरवली आहे.