खवल्यांचा मासा चालतो

गिरगावातलं माझं आजोळ आता चौदाव्या मजल्यावर आहे. चाळ पाडली, टॉवर झाला, जुन्या भाडेकरूंना त्यात घरं मिळाली, सगळं रीतसर. गेल्या महिन्यात खालच्या फलकावर सूचना लागली: मासळीवाल्यांना आत सोडू नये. चाळीत कोळीण थेट मामीच्या उंबऱ्यापाशी टोपली उतरवायची. आता मामी फाटकाबाहेर उभी राहून घासाघीस करते आणि दोन पिशव्यांत गुंडाळलेले बांगडे घेऊन लिफ्टमध्ये श्वास रोखून उभी राहते. मामेभावानं हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि तीन दिवस जुंपली. मामांचं म्हणणं, पैसे मोजून घरं घेतलीत नव्या शाकाहारी शेजाऱ्यांनी, बहुमत त्यांचं, नियमही त्यांचे. मामेभाऊ म्हणाला, "ताई, तू सांग. तुमच्या अमेरिकेत चालतं का असलं?"

"तुमच्या" हा शब्द दर वेळी टोचतो, पण ते असो. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्याच शनिवारी मी एका शाकाहारी मंडळींच्या पंगतीत जेवून आले होते.

मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहते. माझी शेजारीण सेव्हन्थ डे ॲडव्हेन्टिस्ट या शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. शुक्रवारी सूर्य मावळला की तिचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू होतो, शनिवारी मावळला की संपतो. मधल्या वेळात नोकरी नाही, खरेदी नाही. उन्हाळ्यात एकदा ती मला वॉशिंग्टनला घेऊन गेली. राजधानीचं नव्हे, न्यू हॅम्पशायरमधलं त्याच नावाचं खेडं. तिथे झाडीत एक साधं लाकडी प्रार्थनाघर आहे. शनिवार पाळणारी पहिली ॲडव्हेन्टिस्ट मंडळी इथलीच, 1844 सालची.

या मंडळीची गोष्ट मला फार आवडली. आधी हे घर रविवारवाल्यांचंच होतं. रेचल ओक्स नावाची एक बाई तिथे आली. ती सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट, म्हणजे आधीपासून शनिवारवाली. फ्रेडरिक व्हीलर हे पाळक प्रभुभोजनाच्या वेळी म्हणाले, या मेजाशी येणाऱ्यानं देवाच्या सगळ्या आज्ञा पाळाव्यात. बाईंनी नंतर त्यांना गाठून सुनावलं, की मला तेव्हाच उठून सांगावंसं वाटत होतं, चौथी आज्ञा, म्हणजे शब्बाथाची, तुम्ही स्वतः पाळेपर्यंत ते मेज बाजूला सारा आणि वर कापड टाका. आपल्याकडे कीर्तनकाराला असं कुणी ऐकवलं असतं तर? व्हीलर घरी गेले, विचार केला आणि शनिवार पाळू लागले. विल्यम फार्न्सवर्थ नावाचा शेतकरी भर उपासनेत उभा राहिला आणि आपण यापुढे शनिवार पाळणार असं सांगून मोकळा झाला.

ही माणसं मुळात विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाची अनुयायी. 22 ऑक्टोबर 1844 ला ख्रिस्त परत येणार अशी त्यांची खात्री. जवळच्याच न्यू इप्सविचमध्ये लेनर्ड हेस्टिंग्ज नावाच्या शेतकऱ्यानं त्या भरवशावर शेतातला बटाटा काढलाच नाही. शेजारी हसले. तो दिवस आला आणि गेला, कुणी आलं नाही. पण ज्यांनी बटाटा वेळेवर काढला त्यांचा साठवणीत सडला, त्या वर्षी रोगच पडला होता, आणि हेस्टिंग्जचा जमिनीत राहून टिकला. ॲडव्हेन्टिस्ट लोक हे अजून चवीनं सांगतात. मला त्यात चमत्कारापेक्षा शेजाऱ्यांचे चेहरे जास्त दिसतात.

इथवर सगळं छान. पण लहान मंडळीत सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष असतं, हेही त्याच घरात घडलेलं आहे. 1867 च्या डिसेंबरात या पंथाच्या संस्थापकांपैकी एक, एलन व्हाइट, तिथे आल्या. फार्न्सवर्थ तोवर मंडळीतला मानाचा माणूस, पण चोरून तंबाखू चघळायचा आणि बर्फावरची पिंक बुटानं झाकायचा. त्याच्या मुलानं, यूजीननं, ते पाहिलं होतं. व्हाइटबाईंनी भर सभेत बोट दाखवून त्याची सवय उघड केली. यूजीन पुढे धर्मोपदेशक झाला. बाप सुधारला म्हणतात, पण मला त्या बुटाची दया येते. लिफ्टमधली मामीची पिशवी वेगळी काय आहे?

फरक मात्र एक आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. मंडळीचे नियम फार्न्सवर्थनं आपणहून पत्करलेले होते. रस्त्यावरून जाणाऱ्याची पिंक कुणी तपासली नाही. शेजारणीच्या शनिवारच्या जेवणात मांस नसतं. मक्याच्या चिप्सवर राजमा, कांदा, टोमॅटो घालून ते हेस्टॅक म्हणतात. मी त्याला भेळ म्हणते. मी काय खाते हे तिथे कुणी विचारत नाही. मीच विचारलं तेव्हा शेजारीण म्हणाली, शाकाहार हा सल्ला आहे, सक्ती नाही. सक्ती आहे ती बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाची: डुक्कर नको, कोळंबी-खेकडे नकोत, खवले आणि पर असलेला मासा चालतो.

दुसऱ्याच्या वारानुसार जगायला लागणं काय असतं हे या लोकांना ठाऊक आहे. 1889 मध्ये टेनेसीत आर. एम. किंग नावाच्या ॲडव्हेन्टिस्ट शेतकऱ्याला रविवारी नांगर चालवला म्हणून पकडलं होतं. शनिवारी कामाला नकार दिल्यानं नोकरी गेलेल्या ॲडेल शर्बर्ट या ॲडव्हेन्टिस्ट गिरणी कामगार बाईंना बेकारभत्ता नाकारला गेला, तेव्हा 1963 मध्ये इथलं सर्वोच्च न्यायालय त्यांच्या बाजूनं उभं राहिलं.

मामेभावाला मात्र अमेरिकेची आरती ऐकवणार नाही. इथल्या घरांच्या खरेदीखतांत काळ्यांना आणि ज्यूंना विकू नये अशी कलमं असायची. न्यायालयांनी ती राबवू नयेत हे ठरायला 1948 उजाडलं आणि घरं नाकारण्याविरुद्ध कायदा व्हायला 1968. त्या कायद्यात धर्म आहे, वंश आहे, आहार नाही. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात सुरमई तळल्यावर तिसऱ्या दिवशी वासाबद्दल पत्र आलं होतं. मी ते फाडलं आणि पुढचे सहा महिने मासे उकडून खाल्ले.

मामा ज्या नियमांबद्दल बोलतात त्यांना आपल्याकडे आधार आहे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या पारशी सोसायटीचं प्रकरण निकाली काढताना सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायला मुभा दिली. लहान समाजाला एकत्र राहावंसं वाटतं, ते मला कळतं. पण पारशांनी स्वतःपुरती वसाहत करणं वेगळं आणि तीन पिढ्या तिथेच राहिलेल्या माणसाच्या दारात नंतर येऊन नियम लावणं वेगळं. सभासदत्वाचा तो निकाल मामीच्या तव्यापर्यंत पोचत नाही.

आणि खरं तर उत्तरासाठी न्यू हॅम्पशायरला यायची गरज नव्हती. कोकणात बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं आणि तेल रविवारी नेलं. त्यांनाही खवल्यांचाच मासा चालायचा. त्यापायी गावातल्या कुणाची कोळंबी बंद झाली नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामांनी अंगठा दाखवला, म्हणजे वाचलं नाही. मामेभावानं सोसायटीच्या सभेत विषय मांडायचं ठरवलंय. मामीला यातलं वेगळंच काही लागलं. तिनं व्हिडिओ कॉल केला.

"त्या तुझ्या शेजारणीला बांगडा चालेल म्हणजे. रविवारी बोलाव तिला, मी रेसिपी सांगते."

"बांगड्याला खवले असतात का पण?"

तिनं ओट्यावरचा एक बांगडा उचलून कॅमेऱ्याजवळ धरला आणि सुरी उलटी फिरवली. "हे बघ. बारीक आहेत, पण आहेत." तिच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी बंद होती आणि दाराच्या फटीत टॉवेल खोचलेला होता.